नाथांचा तुर्क



लिहायला बसलो तेव्हा चातुर्मासाचा विषय मनात होता. तो बाजूला ठेवला आणि भांडणाविषयी लिहितो आहे. भांडण आपल्याच मंडळींतले आहे, त्यात माझाही हात आहे. शिवाय भांडावे कसे, हे पैठणच्या एका गृहस्थाने चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले असताना मी जन्मभर त्यांचे नाव घेऊन ते विसरलो होतो. वय सत्तरीच्या पुढे गेले. गुडघ्यांमुळे वीणा खाली ठेवली, कीर्तन थांबले. आता बोलण्यापेक्षा लिहिणे जास्त होते, म्हणून हे तुमच्यापुढे ठेवतो.

आमचे भजनी मंडळ गंगापूर रोडचे. एका बाजूला कॉलेजची मुले, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि मध्ये आम्ही दहा-पंधरा म्हातारे आणि चार तरुण. मंडळातले जे पायी जातात ते त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथ महाराजांच्या पालखीबरोबर निघतात. मी आता फक्त सातपूरपर्यंत रिक्षाने जाऊन पालखीचे दर्शन घेतो आणि परत फिरतो. पुढचा सगळा प्रवास मोबाईलवर. दिंडीसाठी एक ग्रुप केला आहे. मुक्काम कुठे, पंगत कोणाकडे, कोणाची गोळी संपली, कोणाचे ताट कोणाच्या पिशवीत गेले, एवढ्याकरता तो होता.

२०२५ च्या आषाढी वारीत त्याच ग्रुपवर महाभारत झाले. १६ एप्रिलला सरकारचा निर्णय निघाला होता की मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची. त्यावर गदारोळ झाला. १७ जूनला, पालखी वाटेवर असताना, सुधारलेला निर्णय आला. हिंदी ‘सर्वसाधारणपणे’ तिसरी भाषा, मात्र वर्गातल्या निदान २० मुलांनी दुसरी एखादी भारतीय भाषा मागितली तर ती शिकवायची. २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि ६ जुलैला आषाढी एकादशी झाली. म्हणजे १७ ते २९ हे दिवस पाय पंढरीच्या वाटेवर आणि बोटे मोबाईलवर, अशी आमची वारी चालली होती.

आमच्यात एक माउली आहेत. मूळचे उत्तरेकडचे, ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी झाली, निवृत्त होऊन इथेच राहिले. तीस वर्षे हरिपाठ म्हणतात. त्यांच्या मराठीत ‘ळ’ अजून नीट उतरत नाही, पण पाठ असा की चाल कोणी चुकवली तर मान वर न करता सावरून घेतात. त्यांनी ग्रुपवर एवढेच लिहिले होते की, पोरांना आणखी एक भाषा आली तर त्यात नुकसान काय? झाले. पहिल्या दोघांनी उत्तर दिले. तिसऱ्याने ‘तुम्ही तुमच्या गावी जा’ असे लिहिले. चौथ्याने कुठल्याशा दुकानात कोणाला तरी मारतानाचा व्हिडिओ टाकला. संध्याकाळपर्यंत त्यांनी काय विचारले होते ते कोणाच्या लक्षातही राहिले नव्हते. त्यांनी ग्रुप सोडला. वारी सोडली नाही, पुढे गेले, पण पंगतीला दुसऱ्या दिंडीत बसू लागले.

त्या भांडणात नामदेवरायांना दोन्ही बाजूंनी ओढले गेले. एक म्हणाला, नामदेव महाराज पंजाबात गेले, तिथे घुमानला राहिले, तिथल्या लोकांच्या बोलीत गायले, म्हणूनच गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आहेत. तेव्हा बाहेरून येणाऱ्याने इथली भाषा बोलावी. दुसरा म्हणाला, नामदेव हिंदी शिकले, मग तुमच्या पोरांना काय झाले? दाखला एकच, निष्कर्ष उलटे. नामदेवरायांना कोणी शासन निर्णय काढून पाठवले नव्हते आणि घुमानच्या लोकांनी त्यांना परत जा म्हटल्याचेही आपल्या परंपरेत कुठे नाही. या दोन गोष्टी दोघांच्याही ध्यानात आल्या नाहीत.

आता माझा हात कसा तो सांगतो. मायबोलीच्या थोरवीच्या चार ओळी, खाली ‘संत तुकाराम’ असे छापलेले, मागे इंद्रायणीचे चित्र, असे काहीतरी मला कोणी पाठवले. मला ते आवडले. मी ते ग्रुपवर टाकले, वर आपले नाव आणि ‘महाराजांचे वचन आहे, पुढे वाद नको’ असा शेराही मारला. शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी रात्री दारात आली आणि म्हणाली, “आजोबा, हा अभंग गाथ्यात कितवा?” मी म्हटले, उद्या सांगतो. दोन दिवस गाथा चाळला. सूची पाहिली, चरण पाहिले, चाळीस वर्षे ज्याच्यावर पोट भरले तो ग्रंथ पुन्हा पानापानाने पाहिला. त्या ओळी नाहीत. भाषाही तुकोबारायांची नाही, हे मला पहिल्या क्षणी कळायला हवे होते. ओळी माझ्या बाजूच्या होत्या म्हणून कळले नाही. ओझरच्या माउलींच्या बाजूच्या असत्या तर एका श्वासात खोट्या ठरवल्या असत्या.

या लाजेत मी नाथांकडे वळलो.

भाषेचा वाद आपल्या संप्रदायाला नवा नाही, तो आपल्या पाळण्यातला आहे. शके १२१२ ला नेवाशात ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणली. पुढे तीनशे वर्षांनीही तो वाद मिटला नव्हता. नाथांच्या भागवतटीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले आणि बाकीचा ग्रंथ काशीत, शके १४९५ मध्ये, पूर्ण झाला. प्राकृतात भागवत म्हणजे काय, म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आणि सांगितली आहे. आम्हा कीर्तनकारांना ती फार सोयीची. पंडित हरले, मराठी जिंकली, टाळ्या.

पण नाथांच्या घरातला वाद आम्ही कमी सांगतो. मुलगा हरिपंडित शास्त्रात निपुण. बापाने प्राकृतात पुराण सांगावे आणि वाटेल त्याच्या घरी जेवावे, हे त्याला रुचेना. तो घर सोडून काशीला गेला. महिपतींनी ही कथा सांगितली आहे. नाथ त्याला आणायला गेले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या, परान्न घ्यायचे नाही आणि प्राकृत पुराण सांगायचे नाही. आता माउली, तुम्ही सांगा, ज्याने काशीत पंडितांसमोर मराठी सोडली नाही त्याने घरात पोरापुढे काय करावे? नाथांनी दोन्ही अटी मान्य केल्या. हरिपंडित पुराण सांगू लागले, नाथ खाली बसून ऐकू लागले. हळूहळू श्रोते गळाले. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प फेडू न शकलेल्या एका गरीब बाईच्या घरी नाथ जेवले, एका पत्रावळीखाली दुसरी, दुसरीखाली तिसरी निघत गेली आणि मुलाचे डोळे उघडले, हा पुढचा चमत्कार सगळ्यांच्या तोंडी आहे. माझे मन त्याच्या अलीकडे अडकते. नाथांनी वाद जिंकायची घाई केली नाही. ज्याचे मत उलटे, त्याला ते करून पाहायला आपली जागा दिली.

आमचे गुरुजी आळंदीत वेदान्त शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. भाष्यकार आधी पूर्वपक्ष मांडतात, म्हणजे समोरच्याचे मत, आणि ते इतके पक्के मांडतात की नव्या विद्यार्थ्याला तोच सिद्धान्त वाटतो. गुरुजी मुद्दाम तिथे पुस्तक मिटायला लावत. दुसऱ्या दिवशी आम्हाला त्या मताच्या बाजूने बोलावे लागे. ज्याला ते जमले नाही त्याला उत्तरपक्ष ऐकायला बसू देत नसत, पाणी भरायला पाठवत. मी पुष्कळ पाणी भरले आहे.

हीच शिस्त नाथांनी शास्त्रातून काढून रस्त्यावर आणली, ती ‘हिंदु-तुर्क संवाद’ या रचनेत. नाथांच्या भारुडांबरोबर ती गाथ्यात छापलेली असते. ६६ कडवी आहेत. आपण जोगवा घेतो, गोंधळ घेतो, विंचू घेतो. हा संवाद मात्र फारसा कोणी घेत नाही. ज्यांच्याकडे गाथा आहे त्यांनी काढून वाचावा. मी इथे ओळी देत नाही, त्यात काय आहे ते सांगतो.

काळ लक्षात घ्या. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे निजामशाहीचे चाकर. दरबाराची भाषा फारसी. कचेरीत अर्ज फारसी शब्दांनी भरलेले, इतके की नाथांनी देवाकडे अर्ज लिहिला तोही ‘अर्जदास्त’ म्हणूनच. पैठणच्या बाजारात हिंदू आणि मुसलमान रोज एकमेकांसमोर येत होते. राज्य कोणाचे हे सगळ्यांना माहीत होते. अशा वेळी नाथांनी एक ब्राह्मण आणि एक तुर्क समोरासमोर उभे केले आणि भांडू दिले.

भांडण गोड नाही. सुरुवातच एकमेकांना हिणवण्याने होते. तुर्क काफर म्हणतो, ब्राह्मण विटाळाचे नाव काढतो. मग तुर्क विचारतो, देवाला हातपाय असतात हे कसले शास्त्र? पाषाणाला काय पुजता? तुमच्या पुराणांतले देव संकटात सापडतात ते कसे? ब्राह्मण विचारतो, देव सगळीकडे आहे म्हणता तर पश्चिमेकडेच तोंड का करता? जीव मारून स्वर्ग कसा मिळतो? आणि हिंदूला धरून मुसलमान करता, तर त्याला हिंदू करताना देव चुकला होता काय? कोणी कोणाला सोडत नाही. आजच्या ग्रुपवर पडले असते तर दहा मिनिटांत पोलीस ठाणे गाठले असते.

तरीही फरक आहे, आणि तो तीन ठिकाणी आहे. तुर्काला तुर्काची भाषा दिली आहे. ब्राह्मण मराठीत बोलतो, तुर्क त्या वेळच्या हिंदुस्थानीत. नाथांना सगळे मराठीत लिहिणे सोपे होते. पण समोरच्याला आपल्या भाषेत बोलायला लावले की तो अर्धा हरलेलाच असतो. दुसरे, प्रत्येक उत्तर आधी जे विचारले त्यालाच आहे. तुर्काने मूर्तीचे विचारले तर ब्राह्मण मूर्तीचेच बोलतो, मग उलटा प्रश्न टाकतो. आमच्या ग्रुपवर ओझरच्या माउलींच्या प्रश्नाला शंभर उत्तरे आली, त्यांतले एकही त्या प्रश्नाला नव्हते. तिसरे मला सर्वांत अवघड वाटते. नाथ स्वतः ब्राह्मण, लिहिणारे तेच, ऐकणारे त्यांच्या घरचे. तरी तुर्काचे घाव खरे लागतात. शिवाशिवीवर, कर्मकांडावर तुर्क जे बोलतो ते नाथांनी इतरत्र स्वतःच्या तोंडाने म्हटले आहे. आपल्या बाजूचे खोटे त्यांनी झाकले नाही, ते समोरच्याच्या तोंडी घालून बोलू दिले.

शेवटी दोघे थांबतात. देवाकडे गेले म्हणजे जात उरत नाही, हे दोघांनाही मान्य होते. नमस्कार होतो, आलिंगन होते. वाद झाला तो वस्तूचे ज्ञान उघडे करण्यासाठी, असा अर्थ लावून दोघे समाधान पावतात.

आता एक जुने पाप सांगतो. तिशीत असताना एका सप्ताहात, गावाचे नाव सांगत नाही, मी हा संवाद घेतला होता. तुर्काची हिंदुस्थानी मी वेडीवाकडी केली, दाढी कुरवाळण्याचा अभिनय केला, त्याची निम्मी कडवी गाळली. मांडव हसून लोळला. बिदागी नेहमीपेक्षा जास्त मिळाली. कीर्तन संपल्यावर मांडवाच्या कडेला पेटी दुरुस्त करणारा एक मुसलमान म्हातारा बसला होता, तो पाया पडायला आला. मी त्याला उठवले. तो म्हणाला, “महाराज, तुर्काचं थोडं राहिलं.” एवढेच. रागावला नव्हता. संवाद त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता, हे नंतर गावातल्यांनी सांगितले. मी त्यानंतर तो संवाद घेणेच बंद केले. नीट घ्यायला शिकलो नाही. पळालो.

इथे कोणी वाचक मला अडवतील, अडवायलाच हवे. ते म्हणतील, महाराज, दोघे समोरासमोर उभे असतील तर हे ठीक. एकाला आतच घेतले नाही तर संवाद कसला? आम्हा नाशिककरांना हे दूरचे नाही. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष उभे राहिले. दारे बंद झाली. त्या रामनवमीला रथावरून दगडफेक झाली. शास्त्रार्थ पुष्कळ झाला, आतल्यांचा आतल्यांशी. ज्यांच्याबद्दल तो चालला होता ते बाहेर उन्हात. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी दादासाहेबांना सत्याग्रह थांबवण्याविषयी लिहिले आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पाच वर्षे वाट पाहून माणूस निघून गेला. पुढे १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरीत दहा दिवस उपाशी राहावे लागले तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले, आणि त्या वेळी विरोध करणाऱ्यांत टाळकरी, माळकरीही होते. आपल्या नियतकालिकात हे कमी छापले जाते म्हणून लिहितो. ज्याने दार बंद केले आहे त्याला ‘दोन्ही बाजू ऐका’ म्हणण्याचा अधिकार नाही. नाथांनी आधी तुर्काला अंगणात समोर उभे केले, नंतर वाद मांडला, हा क्रम मला आता दिसतो. आमच्या ग्रुपवर आम्ही उलटे केले. माणसाला दारापर्यंत ढकलले आणि तो गेल्यावर तासभर त्याच्या मताचे खंडन करत बसलो.

भाषेच्या प्रश्नावर माझे मत विचाराल तर ते झाकत नाही. सहा वर्षांच्या पोरावर तिसऱ्या भाषेचे ओझे नको. पहिलीत मराठी नीट होऊ द्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आमच्या रस्त्यावर कुसुमाग्रजांचे स्मारक आहे, २७ फेब्रुवारीला तिथे भाषणे होतात, आणि त्याच रस्त्यावरच्या घरांत नातवंडे ज्ञानेश्वरी अक्षर लावून वाचू शकत नाहीत. हे माझे दुःख आहे.

आता गुरुजींनी पाणी भरायला पाठवू नये म्हणून समोरची बाजूही मांडतो. ओझरचे माउली म्हणू शकतील, महाराज, तुम्ही आळंदीत वेदान्त शिकलात तो ‘विचारसागर’ वाचून, आणि निश्चलदासांचा तो ग्रंथ हिंदीत आहे. तेव्हा तुमची मराठी बुडाली नाही. नाथांनी, तुकोबांनी हिंदुस्थानीत रचना केल्या, त्यांचीही बुडाली नाही. कारखान्यात, रेल्वेत, फौजेत तुमच्या पोरांना ती लागते, आणि श्रीमंताचे पोर ती कुठेही शिकेल, गरिबाला शाळेतच मिळेल. हे मत खोटे नाही. मला त्यावर उत्तर आहे, मी विचारसागर सतराव्या वर्षी वाचला, सहाव्या नव्हे, आणि हौसेने वाचला, सक्तीने नव्हे. पण ते उत्तर द्यायला आधी प्रश्न ऐकावा लागतो. गरिबाच्या पोराचा जो मुद्दा आहे, त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर अजून नाही.

निर्णय रद्द झाल्याची बातमी आली त्या रात्री ग्रुपवर पेढ्यांची चित्रे आली. मी खाली लिहिले, परवा मी तुकोबांच्या नावाने ज्या ओळी टाकल्या त्या गाथ्यात नाहीत, चूक माझी, क्षमा करावी. दोघांनी हात जोडल्याचे चित्र टाकले. एकाने लिहिले, महाराज, ओळी खोट्या असल्या तरी भाव खरा आहे ना! त्याच्याशी बोलणे अजून व्हायचे आहे.

दिंडी परतल्यावर मी ओझरच्या माउलींना फोन केला. ते आले. चहा झाला, वारीचे बोलणे झाले, भांडणाचे नाव दोघांनीही काढले नाही. मग मी नाथांचा गाथा पुढे ठेवला आणि संवादाचे पान काढले. म्हटले, आपण वाचू. तुम्ही ब्राह्मण व्हा, मराठी तुमच्याकडे. मी तुर्क होतो. ते हसले, चष्मा पुसला आणि वाचू लागले. ‘ळ’ ला अडखळले, मी थांबलो. मग माझी पाळी आली. ती जुनी हिंदुस्थानी, माझ्या जिभेला वळेना, तीन शब्दांचे अर्थ लागेनात. दोन त्यांनी सांगितले. तिसरा त्यांनाही येत नव्हता. एकही कडवे न गाळता वाचायचे ठरले होते, त्यामुळे विसाव्या कडव्यापर्यंत पोचेतो दिवेलागण झाली आणि हरिपाठाची वेळ आली.

ग्रुपमध्ये ते अजून परतलेले नाहीत. दर गुरुवारी संध्याकाळी येतात. तो तिसरा शब्द आम्ही कागदावर लिहून ठेवला आहे. मंडळातल्या एकाच्या ओळखीचे उर्दू शिकवणारे गुरुजी जुन्या नाशकात राहतात, त्यांना विचारायचे आहे.